काळ्या गाडीला हात लावण्याआधी

डिलिव्हरीच्या चार दिवस आधी मी शोरूममध्ये जाऊन एकच गोष्ट मागितली. गाडी धुऊ नका, पुसू नका, पॉलिश मारू नका. यार्डातून येईल तशी, धुळीसकट द्या. समोरच्या मुलाला वाटलं मी काहीतरी सूट काढायला बघतोय. "साहेब, पाडव्याला सगळ्यांच्या गाड्या चकाचक करून देतो आम्ही. तुमची एकट्याची धुळीत कशी द्यायची?" मी म्हटलं, तशीच द्या, हवं तर लिहून देतो. आणि कागदावर लिहून, सही करून दिलं.

आदल्या आठवड्यात त्यांच्या मागच्या रॅम्पवर गाड्या धुताना मी अर्धा तास उभा राहून पाहिलं होतं. बादली एक, फडकं एक. त्याच फडक्यानं आधी चाकावरची कमान, मग दरवाजे, मग बॉनेट. बादलीतलं पाणी मातीच्या रंगाचं झालेलं. पोरं मन लावून, अंगातला जोर लावून घासत होती. दिवसाला तेवढ्या गाड्या उरकायच्या म्हटल्यावर ती दुसरं काय करणार? पांढऱ्या गाडीला हे सगळं खपून जातं. आमची काळी होती, आणि काळ्यातही चमकीचा मेटॅलिक नव्हे, साधा गडद काळा.

काळ्याचं काय होतं ते मी मावसभावाच्या गाडीवर पाहिलं होतं. आठ महिन्यांची गाडी. दिवसा घराच्या सावलीत चांगली दिसायची. एकदा रात्री सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या पंपावर डिझेल भरायला थांबलो, वर ते पांढरे दिवे, आणि बॉनेटवर प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याचं जाळं. बारीक, गोल गोल, केसासारख्या रेघा. त्याला वाटायचं रंगच हलका दिलाय कंपनीनं. रंग चांगलाच होता. रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ पुसून पुसून ते झालं होतं. अशा रेघा खरं तर सगळीकडे, वाटेल त्या दिशेनं पडलेल्या असतात. दिव्याच्या भोवती ज्या आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. पांढऱ्या गाडीवरही त्या असतातच. पण ओरखड्यावरून उडालेला उजेड पांढरा, आणि खाली काळं, मग लपणार कुठं?

हे वाचून, विचारून घेतल्यावर गाडीच्या रंगाकडं बघायची माझी नजरच बदलली. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. आपला हात लागतो तो या शेवटच्या थराला. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाड असतो. आमच्या घरात मायक्रॉन म्हटलं तर कुणाला कळणार नाही, सूत म्हटलं की कळतं. आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आप्पा चाळीस वर्षं मागावर आहेत. 20 नंबरचं सुती सूत साधारण 200 मायक्रॉन जाड भरतं. म्हणजे त्या एका धाग्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा थर, आणि गाडीची सगळी झळाळी त्याच्यावर. मी हे सांगितलं तेव्हा आप्पांनी हातातला धागा दोन बोटांत फिरवून बघितला आणि काही बोलले नाहीत.

काळा रंग आप्पांनीच ठरवला होता. आईचा विरोध होता. शनीचा रंग, नवी वस्तू काळी कशाला म्हणून. आमच्या थोरल्या मुलीनं विचारलं, "मग संक्रांतीला तू काळी साडी का नेसतेस?" आईनं त्यावर उत्तर दिलं नाही, पण पूजेची तयारी मात्र सुरू केली.

पूजेचा मला खरा घोर होता. पाडव्याला गाडी ताब्यात घेतली, धुळीसकट, मी सांगितलं होतं तशी. डिकीच्या झाकणावर मात्र कुणीतरी पाटीवरची धूळ झटकल्यासारखा हात फिरवलेला होता. सवयीनं पुसलं असणार. तिथं दहा-बारा रेघा आधीच होत्या. भांडण केलं नाही. फोटो काढून ठेवले. तिथून सिद्धेश्वराच्या देवळाजवळ नेली, चाकाखाली लिंबं, समोर नारळ, आणि आई कुंकवाचं बोट घेऊन बॉनेटकडं निघाली. धुळीवर कुंकू, आणि वर बोटाचा दाब. स्वस्तिकाच्या आकाराचाच ओरखडा पडला असता. मी आईला थांबवलं, आणि थांबवताना मला वाईटही वाटलं. आधी बाटलीतलं पाणी बॉनेटच्या त्या वीतभर जागेवर भरपूर ओतलं, धूळ वाहून जाऊ दिली, आणि मग म्हटलं, आता काढ, पण टेकवल्यासारखं काढ. आईनं करंगळीशेजारच्या बोटानं, ओल्या कुंकवानं, फुलासारखं हलकं स्वस्तिक काढलं. हार बॉनेटवर न टाकता आत आरशाजवळ लावला. हाराची तार आणि बॉनेटचा रंग यांची गाठ पडू द्यायची नव्हती. घरी आल्यावर कुंकू वाळायच्या आत पाणी सोडून धुऊन टाकलं. हळदीचा अंश असलेलं कुंकू उन्हात बसलं तर डाग धरतं.

त्यानंतर आठ दिवस मी गाडीला हात लावला नाही. शेजारच्यांना वाटलं नवी गाडी घेऊन याला पुसायचीही हौस नाही. खरं म्हणजे माझी तयारी चालली होती.

पहिला प्रश्न पाण्याचा. सोलापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. उजनीचं पाणी नळाला रोज येत नाही. आमच्याकडं जुळे सोलापुरात चार-पाच दिवसांनी येतं, ते प्यायला आणि स्वयंपाकाला. त्यातलं पाणी गाडीवर ओतायचं मला पटत नाही. बोअरचं आहे, पण ते इतकं जड की नळाच्या तोटीवर पांढरा थर साठतो. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायचं छोटं यंत्र घेतलं. बोअर 1240. घरच्या आरओचं 70. आणि एसीच्या नळीतून गळणारं पाणी 18! एसीचं पाणी म्हणजे हवेतलीच वाफ थंड होऊन ठिबकलेली, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. नुसत्या आकड्यांवर भागवलं नाही. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटचा एक उरलेला तुकडा होता, त्यावर तिन्ही पाण्याचे थेंब टाकून गच्चीवर उन्हात ठेवला. दहा मिनिटांत सुकले. एसीच्या पाण्याची जागा शोधूनही सापडेना. आरओची कडा धूसर. बोअरच्या जागी चुन्यानं काढल्यासारखी पांढरी गोल कडी, नखानं खरवडली तरी हटेना. तेच काळ्या टपावर, एप्रिलच्या उन्हात, शेकडो थेंबांचं झालं असतं. तेव्हा ठरलं की धुवायचं बोअरनं, पण शेवटचं पाणी एसीचं. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळं रात्रभर एसी चालूनही दोन-अडीच लिटरच मिळायचं. आठवडाभर कॅनमध्ये साठवलं, पातळ कापडातून गाळून घेतलं.

दुसरा प्रश्न पाणी मारायचं कशानं. प्रेशर वॉशर पाणी खातो आणि महागही पडतो. आमचे एक नातेवाईक सांगोल्याकडं डाळिंब करतात. त्यांच्या बागेत फवारणीचा बॅटरीवरचा पाठीचा पंप पाहिला होता. 16 लिटरची टाकी, नोझल फिरवलं की धार बारीक-मोठी होते. त्यांचा जुना पंप मागून आणायचा मोह झाला, पण त्यात औषधं जाऊन आलेली. कोरा नवा घेतला. या एका वस्तूनं सगळ्यात जास्त काम केलं असं मी म्हणेन.

तिसरी गोष्ट फडक्यांची, आणि तिथं घरात प्रश्न उभा राहिला. पार्सल फोडताना आप्पांनी बघितलं. "घरात टॉवेलचा कारखाना, आणि फडकं बाहेरनं मागवालास?"

प्रश्न रास्तच होता. सोलापूरची चादर, सोलापूरचा टेरी टॉवेल, दोन्हींना जीआय मानांकन आहे. आणि आम्ही गाडी पुसायला परगावचं कापड मागवायचं? मला तोंडी उत्तर द्यायचं नव्हतं. जुनी सीडी शोधली. तिची चकचकीत बाजू गाडीच्या क्लिअर कोटपेक्षाही मऊ असते, त्यामुळं कापडाची परीक्षा तिच्यावर चांगली होते. तीन भाग पाडले. एका भागावर आमचा नवा कोरा टॉवेल, एकावर बाजारात मिळणारं पिवळं फडकं, एकावर मायक्रोफायबर. दाब न देता दहा-दहा वेळा फिरवलं आणि मोबाइलच्या टॉर्चखाली धरलं. पिवळ्या फडक्यानं सीडी चिरली होती. टॉवेलनं बारीक पण स्पष्ट रेघा सोडल्या होत्या. मायक्रोफायबरच्या भागात तिरपं करून बघितलं तरी एखादीच.

आप्पांनी खिशातून भिंग काढलं. पिका, म्हणजे कापडातले आडवे धागे, मोजायचं घडीचं भिंग, इंचभर चौकोनी खिडकीचं, ते त्यांच्या खिशात कायम असतं. आधी सीडी बघितली. मग टॉवेलचा काठ भिंगाखाली घेतला, शिलाईवर नख फिरवलं. "शिलाईचा धागा लागतोय. आणि खळ हाय अजून ह्याच्यात, धुतलेलं न्हाई." मग मायक्रोफायबर धरलं आणि बराच वेळ बघत राहिले. "हे मागावरचं न्हवं. निटिंगचं हाय." बरोबर ओळखलं. ते पॉलिस्टर आणि नायलॉनच्या जातीच्या धाग्याचं, वार्प निटिंगवर केलेलं असतं, आणि प्रत्येक तंतू चिरून आणखी बारीक केलेला असतो. त्या फटींमध्ये पाणी आणि कण आत ओढले जातात; घासताना कण वर, रंगाला लागून राहत नाही. कापसाचा तंतू स्वतः रंगापेक्षा मऊच आहे. रेघ ओढतो तो त्याच्या लूपमध्ये अडकलेला वाळूचा कण, काठाची शिलाई, वाळलेली खळ. सोलापूरच्या रस्त्यावरच्या धुळीत काळी माती असते, तशी खडीची, क्रशरची पूडही असते. ती मऊ नसते.

म्हणून माझ्या मते या सगळ्या खटाटोपाचा गाभा एवढाच : हात लावण्याआधी जितकी धूळ पाण्यानं काढता येईल तितकी काढायची. शाम्पू कुठला, कंपनी कुठली, हे त्यानंतरचं.

धुवायचा दिवस उजाडायच्या आधीच सुरू केला, पहाटे सव्वापाचला. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. आठ वाजले की पत्रा तापायला लागतो आणि पाणी अंगावरच सुकतं. आमचा पोर्च पश्चिमेकडं तोंड करून आहे, तिथं अकरापर्यंत सावली असते. कारखान्यात शेडची सावली दिवसभर मिळाली असती, पण तिथल्या हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात, शेवटी रंगावर संरक्षणाचा थर म्हणून सीलंट लावल्यावर ते सगळे रंगावर बसले असते.

चाकं आधी, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. ब्रेकची काळी पूड लोखंडाची असते, ती अंगाच्या फडक्याला लागूच द्यायची नाही. मग पंप पाठीला लावून वरून खाली, टप, काचा, बॉनेट, दारं, दोन टाक्या पूर्ण. हात न लावता, नुसतं पाणी. धुळीचे ओघळ आधी करडे, मग फिकट, मग नितळ. त्यावर हातपंपानं फेस मारला आणि पाच मिनिटं सोडला. फेस घसरताना सोबत बारीक माती घेऊन उतरतो, ते दाराच्या खालच्या कडेला टपटपणाऱ्या थेंबांच्या रंगावरून दिसत होतं. पुन्हा पाणी.

इथवर अर्धा तास गेला आणि अजून गाडीला स्पर्श झाला नव्हता. मग हातमोजा. लांब बोंडांचा मायक्रोफायबरचा मोजा, आणि दोन बादल्या. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं. दुसऱ्या बादलीच्या तळाशी भाजी धुवायची प्लास्टिकची जाळी उपडी ठेवलेली. मोजा शाम्पूत बुडवायचा, अर्धं बॉनेट सरळ रेषेत, मोज्याच्या स्वतःच्या वजनापुरता दाब, मग साध्या पाण्यात जाळीवर घासून माती खाली सोडायची, पिळायचा, आणि मगच परत शाम्पूत. गोल गोल हात फिरवायचा नाही. आधी टप, शेवटी दारांचा खालचा भाग, कारण सगळ्यात जास्त खडे तिथं. त्या खालच्या वीतभर पट्ट्यासाठी मोजाच वेगळा ठेवला. शाम्पू गाडीचाच, क्षार आणि आम्ल दोन्हींकडं न झुकणारा. भांड्याच्या साबणानं तेलकटपणा छान निघतो, पण नंतर लावलेलं सीलंटही त्याच्याबरोबर जातं, म्हणून तो पहिल्यापासूनच बाद.

काम झाल्यावर दुसरी बादली हळूच ओतली. तळाशी चमचाभर काळसर गाळ. हाताला घेऊन बोटांत चोळला, कचकच लागला. नुसत्या पाण्यानं, फेसानं एवढं धुऊनसुद्धा इतका उरला होता. एका बादलीत धुतलं असतं तर तो पुन्हा पुन्हा मोज्याला लागून दारांवर फिरला असता. तो गाळ मी आप्पांना दाखवला. त्यांनी भिंग काढलं, बघितलं, आणि शेजारच्या काकांनाही हाक मारून दाखवलं. काकांची गाडी काळी नाही, राखाडी आहे, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोर्चमध्ये दोन बादल्या दिसल्या.

बोअरचं पाणी मारून लगेच, थेंब सुकायच्या आत, एसीचं साठवलेलं दहा लिटर वरून सोडलं. पुसायला मायक्रोफायबरचाच जाड, पिळदार लूपचा मोठा टॉवेल. तोही ओढत न्यायचा नाही. चादर अंथरतो तसा बॉनेटवर पसरायचा, वरून तळहातानं थोपटायचा, उचलायचा. आरशांच्या आणि नंबरप्लेटच्या फटीतलं पाणी फुंकणीच्या पंपानं काढलं, नाहीतर ते तासाभरानं ओघळून येतं आणि सुकून रेघ सोडतं. सगळं मिळून 90 लिटरच्या आसपास पाणी लागलं. ते अंगणातल्या कढीपत्त्याच्या आणि जास्वंदीच्या आळ्यात वळवलं नाही, कारण पुढच्या टप्प्यातलं रसायनही त्याच उतारानं जाणार होतं.

आता गाडी स्वच्छ दिसत होती. हाताला मात्र वेगळंच लागत होतं. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं रंगावरून हलकेच फिरवली की बारीकातलं बारीक खडबडीतपण कळतं. टपावर आणि बॉनेटवर, नव्या कोऱ्या गाडीवर, रवा सांडल्यासारखं लागलं. नव्या गाड्या कारखान्यापासून इथवर ट्रेलरनं, रेल्वेनं येतात, यार्डात उभ्या राहतात. रुळांची, ब्रेकची लोखंडी पूड त्यांच्यावर बसते आणि रंगात रुतते. त्यासाठी लोखंड विरघळवणारं द्रावण मारलं. दोन मिनिटांत पांढऱ्या फेसातून जांभळे ओघळ सुटले. वास सडक्या अंड्यासारखा; आई दार लावून आत गेली. ते सुकू द्यायचं नसतं. सावलीत, थंड पत्र्यावर, एक एक भाग करून धुतलं. पिशवीचा हात पुन्हा फिरवला, बॉनेट गुळगुळीत, टपावर अजून थोडं. तिथं तेवढी क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारा मळलेल्या मातीसारखा गोळा, वापरली, मऊ प्रकारची, शाम्पूच्या पाण्यावरून तरंगत नेल्यासारखी. क्लेनं स्वतः बारीक खुणा पडू शकतात, म्हणून गरज नसलेल्या ठिकाणी मी ती टेकवली नाही. एकदा क्लेचा गोळा हातातून निसटून फरशीवर पडला. तो उचलून सरळ कचऱ्यात टाकला आणि नवा तुकडा घेतला. फरशीवरची वाळू त्यात रुतली म्हटल्यावर तो वापरणं म्हणजे कानस फिरवणं.

डिकीवरच्या त्या दहा-बारा रेघा हातानं, अगदी बारीक पॉलिशनं कमी केल्या. दोन अजून राहिल्या आहेत. मशीन लावलं तर जातील, पण त्यासाठी क्लिअर कोटच उतरवावा लागतो, आणि मुळात तो किती आहे हे वर सांगितलंच.

सील कशानं करायचं यावर मी बराच खल केला. शोरूममध्ये सिरॅमिक कोटिंगचा आग्रह होता. 9एच म्हणजे दगडासारखं कडक होतं असं सांगत होते. 9एच हे शिसपेन्सिलीच्या कठीणपणाचं माप आहे. कोटिंग चांगलं असतं, वर्षानुवर्षं टिकतं, पण धुळीवर कोरडं फडकं फिरवलं तर त्याच्यावरही रेघा उठतातच. आणि त्यांच्या रॅम्पवर धुऊन मगच ते लावणार, ते मला नको होतं. कार्नाउबा मेणाची काळ्या रंगावर फार सुंदर खोली दिसते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं ते मेण, साधारण 82 अंशांना वितळतं. रंगखात्यातल्या ओळखीच्या माणसाकडून उष्णता मोजायची बंदूक आणून एका दुपारी बॉनेट मोजलं होतं, 71 अंश. वितळण्याच्या एवढ्या जवळ जाऊन मेण आपल्याकडं किती आठवडे टिकणार? म्हणून पॉलिमर सीलंट घेतलं, चार-सहा महिन्यांचं. ते स्वतः लावता येतं, चुकलं तर काढता येतं. नव्या गाडीला महिनाभर काही लावू नये असंही एकानं सांगितलं होतं. ते गॅरेजमध्ये नव्यानं रंगवलेल्या गाडीला लागू पडतं. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो.

आधी पाण्यात पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं एकेक भाग पुसून पॉलिशचा तेलकटपणा काढला. मग फोमच्या तुकड्यावर सीलंटचे चार थेंब. चारच. अर्ध्या बॉनेटला तेवढे पुरतात हे पटायला वेळ लागतो. नीट लावलेला थर दिसतो न दिसतो, आरशावर श्वास सोडल्यावर धूसर होतं तितकाच. वाळल्याची खूण म्हणजे बोट फिरवून बघायचं. खाली स्वच्छ काळा पट्टा उमटला की काढायला झालं.

डाव्या मागच्या दाराला मी जास्त लावलं. घाई झाली होती, साडेदहा वाजत आले होते, सावलीची रेघ चाकापर्यंत सरकली होती. त्या दारावर पत्रा कोमट झाला आणि सीलंट पट्ट्यापट्ट्यांनी धरून बसलं. पुसलं तरी निघेना. जोर लावून घासलं असतं तर सकाळपासूनच्या कष्टांवर पाणी फिरलं असतं. दार ओल्या फडक्यानं थंड केलं, कोरडं केलं, मग त्याच सीलंटचे दोन थेंब नव्यानं त्यावरच फिरवले. ताज्या द्रावणानं जुना थर सैल झाला आणि लगेच पुसल्यावर निघाला. ही युक्ती माहीत नसती तर मी रडकुंडीला आलो असतो.

रात्रभर गाडी पोर्चमध्येच ठेवली, पाणी लागू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. संध्याकाळी आप्पा आले आणि ट्यूबलाइट लावून बॉनेटवर वाकले. त्यांना त्यात ट्यूब दिसत होती, पोर्चच्या छताचा तडा दिसत होता, स्वतःचा चेहरा आणि मागं उभी असलेली आई दिसत होती. भिंग लावून त्यांनी बॉनेटचे चारही कोपरे तपासले, कापडाचा तागा तपासतात तसे. मग म्हणाले, "फॉल्ट न्हाई."

आता रोजचा प्रश्न माणसांचा आहे. आमच्या गल्लीत सकाळी गाड्या पुसणारा दादा येतो, दहा गाड्या, एक बादली. त्याला मी महिन्याचे पैसे चालू ठेवलेत, पण काळ्या गाडीच्या फक्त काचा आणि आतलं झाडायचं ठरलंय. येणारा पाहुणा कौतुकानं बॉनेटवर बोट ओढून "धूळ बसालीय की ओ" म्हणतो, त्याला आधीच सांगावं लागतं. पक्ष्याची विष्ठा मात्र थांबू देत नाही. आमच्याकडच्या उन्हात ती काही तासांत रंगात खड्डा पाडू शकते. तिच्यावर ओला मायक्रोफायबर पाच मिनिटं ठेवून द्यायचा, मऊ झाली की उचलून घ्यायची, घासायची नाही. त्यासाठी एक बाटली आणि दोन फडकी कायम डिकीत असतात. फडकी धुताना कपड्यांत मिसळत नाही, कापसाचे तंतू धरतात. आणि मऊपणासाठी घालतात ते सुगंधी द्रावणही त्यांना चालत नाही, त्यानं पाणी शोषायचं थांबतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वळीव आला. आधी धुळीचं वादळ, मग पंधरा मिनिटं टपोरा पाऊस. गाडी बाहेर होती. पाऊस थांबल्यावर बघितलं तर बॉनेटवर थेंब साबुदाण्यासारखे गोल उभे, आणि गाडी गल्लीतून जरा चालवली तशी ते धूळ घेऊन घरंगळले. त्यानंतरच्या धुण्याला मोज्याचं काम निम्म्यावर आलं.

आणि आप्पांनी सीडीचा विषय सोडलेला नाही. जूनमध्ये ते कारखान्यातून एक तुकडा घेऊन आले. काठ नाही, शिलाई नाही, लूप नेहमीपेक्षा लांब, सूत बारीक, तीन वेळा धुऊन खळ पूर्ण काढलेला. "घास बघू." मी घासला. टॉर्चखाली दोनच रेघा. त्यांनी भिंगाखाली तो तुकडा इंच इंच सरकवत बघितला आणि एका जागी थांबले. लूपच्या बुडाशी तपकिरी ठिपका, सरकीच्या सालीचा कण, सुतातच कातला गेलेला. चिमट्यानं तो काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "साध्या सुतात हे येतंयच. कोंब्ड घेऊन बघतो." कोंब्ड म्हणजे कापूस विंचरून आखूड तंतू आणि कचरा काढून कातलेलं सूत.

तो तुकडा सध्या दारांच्या आतल्या कडा पुसायला आहे. कोंब्ड सुताचे कोन कालच कारखान्यात आलेत.